नीलाक्कांचा माईकवाला

माईकवाल्याकडे लोक दोनच वेळा वळून बघतात. एकदा भोंग्यातून शिट्टी वाजली की, आणि एकदा आवाज गेला की. बाकी वेळ तो स्टेजच्या डाव्या बाजूला वायरींच्या गुंत्यात बसलेला असतो आणि त्याला जेवायला बोलवायचं सगळे हमखास विसरतात. उमरग्यात हायवेलगत माझं लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचं दुकान होतं. आता ते माझी मुलगी मनीषा चालवते आणि मी तिथं सल्ले द्यायला बसतो. सल्ले कोणी घेत नाही, पण चहा मिळतो. संपादकांनी सांगितलं, धंद्यातल्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. पण मला खरं तर एकच गोष्ट सांगायची आहे आणि तिच्यापर्यंत यायला जरा धीर गोळा करावा लागणार आहे. म्हणून आधी गमतीच सांगतो.

लोकांना वाटतं, लाऊडस्पीकर म्हणजे आवाज मोठा करायचं यंत्र. आम्हा धंदेवाल्यांना विचाराल तर कुणाचं कुणाला ऐकू जायचं हे ठरवणारं ते यंत्र आहे. एकदा जवळच्याच एका गावात बारशाला गेलो होतो. मी पद्धतीप्रमाणे चार दिशांना चार भोंगे बांधले. यजमान आले, मान वर करून बघत राहिले आणि म्हणाले, "चारी भोंगे वढ्याकडं फिरवा."

"तिकडं तर एकच घर हाय," मी म्हणालो.

"त्याच घराला ऐकवायचंय. भावकी हाय आमची. बारशाला बोलावलं न्हाय त्यान्ला. पन पोराचं नाव काय ठेवलं ते समजाय पायजे."

फिरवले. मांडवातल्या पाहुण्यांना काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. भावकीला मात्र पाळण्यासकट सगळं बारसं ऐकू गेलं, आणि तिसऱ्या पाळण्याला तिकडून एक म्हातारी ताट घेऊन आली. भांडण मिटलं. त्याचं श्रेय मी आजही घेतो.

दुसरं वेड इकोचं. आमच्या भागात आवाज घुमल्याशिवाय तो मोठ्या माणसाचा वाटत नाही. एक सरपंच होते, भाषणाला उभे राहिले की आधी मला म्हणायचे, "बब्रुवान, जरा घुमू दे." मी बटण फिरवलं की त्यांच्या "ग्रामस्थ बंधूंनो"मधलं "नो, नो, नो" वेशीपर्यंत जायचं आणि शाळेतली मुलं म्हणायची, सरपंच कशाला तरी नाही म्हणतायत.

अशा माझ्या घुमणाऱ्या दुकानात एक दिवस लूनावरून एक बाई आल्या. पन्नाशीच्या, ताठ, केस मानेपर्यंत कापलेले, पायात कॅनव्हासचे बूट. मी त्यांना ओळखत होतो. अर्धं उमरगा ओळखत होतं, कारण हायवेवरच्या एका दवाखान्यात त्या नर्स होत्या आणि अर्ध्या उमरग्यानं त्यांच्या हातची सुई घेतलेली होती. गाव त्यांना नीलाक्का म्हणायचं. सुई टोचताना त्या कसलं तरी गाणं गुणगुणायच्या, आणि ते ऐकता ऐकता सुई कधी टोचली ते कळायचं नाही.

"बब्रू, तुझ्याकडं मुका माईक हाय का?" त्यांनी विचारलं.

"मुका म्हंजे?"

"मी बोलंपर्यंत गप बसणारा."

मी हसलो आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू केला. तो नेहमीसारखा घुंऽऽ करू लागला. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "हा तुझा डबा काळी दोनमधी रडतो. माझं गाणं पांढरी चारमधी हाय. आमचं दोघांचं भांडण व्हईल."

तोवर माझा डबा रडतो हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सुरात रडतो हे तर माहीतच नव्हतं. मी तीन दिवस खपलो. अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ-कोळसा घातला, वायरी बदलल्या, जुने जोड कापून नवे केले. चौथ्या दिवशी त्या परत आल्या, डब्यापाशी कान नेला आणि म्हणाल्या, "आता बरा झाला पेशंट." एवढं कौतुक मला त्याआधी कोणी केलं नव्हतं.

नीलाक्का म्हणजे आमच्या आडत बाजारातल्या अण्णांची धाकटी बहीण. घराणं व्यापारी, मोठं, घरात निम्मं बोलणं कानडी. पोरीनं शिकायचं म्हणून हट्ट धरला तेव्हा वडिलांनी नर्सिंगला सिकंदराबादला पाठवलं. तिथं इस्पितळाच्या मेट्रनबाई चर्चमध्ये गायच्या, त्यांनी हिला सोबत नेलं. पुढं एका हॉटेलातल्या बँडची गाणारी आजारी पडली तेव्हा एका संध्याकाळपुरती नीलाक्का उभी राहिली, आणि ती संध्याकाळ वीस वर्षं चालली. दिवसा वॉर्ड आणि संध्याकाळी हॉटेलात जॅझ. घरी फक्त वॉर्ड माहीत होता. लग्नाचं विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "ड्यूटी हाय." पुढं हॉटेलवाल्यांनी बँड बंद करून टेप लावायला सुरुवात केली, तेव्हा त्यांनी ट्रंक उचलली आणि गावी आल्या. भावाच्या घरी राहिल्या नाहीत. बसस्टँडमागं दोन खोल्या घेतल्या आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली. त्या पाटीवर गावात महिनाभर चर्चा झाली.

मी त्यांना एकदा विचारलं, की अक्का, जॅझ म्हणजे असतं तरी काय?

"तुजी बायको रोज आमटी करती?"

"करती की."

"रोज तशीच लागती?"

"न्हाय. कधी कोथिंबीर नसती, कधी तिचं डोकं ठिकाणावर नसतं."

"तरी आमटीच असती न्हवं? मंग झालं. तेच जॅझ."

ही व्याख्या मी घरी सांगितली तेव्हा बायको दोन दिवस बोलली नाही.

अक्कांना साथीला माणसं हवी होती. वरातीतल्या बँडचे हुसेन मास्तर क्लॅरिनेट वाजवायचे, त्यांना त्यांनी धरलं. एका घरी देवीच्या गोंधळात बाळू गोंधळ्याची संबळ ऐकली आणि तिथल्या तिथं त्याला म्हणाल्या, "तुला मी वीस वर्षं हुडकत होते, तू इथं बसलायस व्हय?" दवाखाना सुटला की त्यांच्या अंगणात तालीम चालायची. माईक मी लावायचो. गाण्याच्या मधोमध त्या थांबायच्या आणि हुसेन मास्तरांना म्हणायच्या, "मास्तर, आता तुमचं म्हणणं सांगा."

मास्तर गोंधळायचे. "माझं काय म्हणणं असणार, बाई? नवरदेवाचा मामा सांगतो ते वाजवतो मी."

"हितं मामा न्हाय. तुमी सांगा."

दोन महिने मास्तर नुसते बघत राहायचे. मग एका संध्याकाळी त्यांनी डोळे मिटले आणि असं काही वाजवलं, की बाळू संबळ थांबवून ऐकत बसला. वाजवून झाल्यावर मास्तरांनी रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाले, "हे आत कधीचं हुतं, कुणास ठाऊक." आज उमरग्याच्या वरातीत बघा, बँड चालता चालता मध्येच थांबतो, एक जण पुढं येतो, मनचं वाजवतो, बाकीचे त्याच्याकडं बघत उभे राहतात. दुसऱ्या गावच्या वऱ्हाडाला वाटतं ही इथली जुनी चाल आहे. ती अक्कांच्या अंगणातली चाल आहे.

आता ती गोष्ट.

अक्कांना आपल्या गावात, आपल्या नावानं, एकदा पुरं गाणं गायचं होतं. सिकंदराबादेत त्यांचं नाव बदलून लावायचे. इथं त्यांना नीलाबाई म्हणून स्टेजवर उभं राहायचं होतं. आडत बाजारातल्या गणपतीचे अध्यक्ष अण्णा होते. बहिणीनं तोंडावर विचारल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही. बोर्डावर खडूनं नाव लागलं. संध्याकाळी साताला मंडप भरला, कारण आपल्याला सुई टोचणारी बाई गाते कशी, हे बघायची सगळ्यांना उत्सुकता होती.

मंडपाला खांबावरून तात्पुरती लाईन घेतलेली होती. ती नागनाथ लाईनमननं जोडून दिलेली. बोर्ड माझ्या खुर्चीमागं होता. पहिलं गाणं इंग्रजी झालं. लोक गप्प बसून ऐकत होते, समजत नसतानाही. दुसरं गाणं सुरू झालं, आणि अण्णा मागच्या बाजूनं घाईघाईनं माझ्यापाशी आले.

त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न ठरत होतं. कलबुर्गीकडचे सोयरे दुसऱ्या दिवशी येणार होते, ते त्याच संध्याकाळी येऊन मंडपाच्या तोंडाशी उभे होते. अण्णांच्या कपाळाला घाम होता.

"बब्रू, लाईट घालव."

"अण्णा, अवो..."

"भांडण नको, बोलणं नको. लाईट गेली की लोक आपोआप घरी जातील. नीलाचा अपमान बी व्हायचा न्हाय. आत्या स्टेजवर गाती म्हटल्यावर सोयरे माघारी जातील. पोरीचं ठरू दे माझ्या."

माझं दुकान अण्णांच्या गाळ्यात होतं. बाजारातलं सगळं काम त्यांच्याकडून यायचं. पण मी केलं ते त्याच भीतीनं केलं, असं म्हणणंही पूर्ण खरं नाही. मला त्या क्षणी अण्णांचं पटलं होतं. कुणाचा अपमान नाही, कुणाचं भांडण नाही, किती सोयीचं. मी हात मागं नेला, चिनीमातीचा फ्यूज उपसला आणि खिशात टाकला.

मंडप काळोखात गेला. अक्का थांबल्या नाहीत. त्यांनी ते कडवं अंधारात, माईकशिवाय पुरं केलं. मग शांतपणे विचारलं, "बब्रू, बॅटरीवर चालव."

"बॅटरी उतरली हाय, अक्का," मी म्हणालो. बॅटरी सकाळीच भरून आणली होती.

नागनाथ लाईनमन सायकलवरून धावत आला. मी त्याला म्हणालो, "बोर्ड बघितला मी, फ्यूज ठीक हाय. खांबावरच कायतरी झालंय." त्यानं बोर्डाकडं बघितलंही नाही. आमच्यात अशी रीत आहे, धंद्यातल्या माणसानं बघितलं म्हणजे बघितलं, ते पुन्हा तपासणं म्हणजे त्याचा अपमान. नागनाथनं माझा मान राखला आणि तो खांबावर चढला.

सगळ्या गावात लाईट, फक्त मंडपात नाही. लोक खाली उभे राहून त्याला वाट्टेल ते बोलत होते. तो वर जोड सोडत होता, पुन्हा बांधत होता. अक्का खांबाखाली गेल्या आणि हॉटेलात शिकलेल्या इंग्रजीत त्याला अर्धा तास झाडला. हळूहळू मंडप रिकामा झाला. मग मी गुपचूप फ्यूज बसवला. ट्यूबलाइटी लुकलुकून पेटल्या आणि खांबावरून नागनाथ आनंदानं ओरडला, "आली बघा." मंडपात तेव्हा गणपती, मी आणि अक्का एवढेच होतो.

अक्का माईकची वायर गुंडाळायला मला मदत करत होत्या. त्या म्हणाल्या, "ज्या गावाची लाईट माझं दुसरं गाणं संपंपर्यंत टिकत न्हाय, त्या गावात मी पुन्हा गाणार न्हाय." बोलण्यात राग नव्हता. त्यामुळंच मला ते खरं वाटलं.

सोयऱ्यांचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सोयरीक ठरली. चहा घेता घेता मुलाचे वडील अण्णांना म्हणाले, "काल कोन बाई गात हुत्या वो? बेस गळा. लाईट गेली नसती तर बसलो असतो अजून घटकाभर." अण्णांनीच हे मला येऊन सांगितलं आणि गाळ्याच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले.  त्या रात्रीचं नाव आम्ही दोघांनी पुन्हा कधी काढलं नाही.

नागनाथला गावानं "अंधारे" असं नाव ठेवलं. शाळेच्या हजेरीत त्याच्या पोरांचं आडनाव वेगळं होतं, पण मैदानावर ती अंधाऱ्याचीच पोरं होती.

आणि अक्कांनी शब्द पाळला. सोलापूर, बिदर, कलबुर्गी, हैदराबाद, जिथं बोलावलं तिथं त्या गायल्या. उमरग्यात फक्त अंगणात तालीम. दर कार्यक्रमाला माईकवाला मी. "ह्या गावात मी एकाच माणसाच्या वायरीवर भरवसा ठेवते," असं त्या चारचौघांत म्हणायच्या. लोक माझ्याकडं कौतुकानं बघायचे आणि मी बूट बघायचो.

त्या वर्षांत मी जे काही शिकलो ते त्यांच्याकडून शिकलो. येडशीच्या एका शाळेत स्नेहसंमेलन होतं. आम्हाला शिकवलेलं असं, की गाणाऱ्याचा आवाज बारीक झाला की बटण वर करायचं, मोठा झाला की खाली. अक्का हळू सुरात शिरल्या की माईकजवळ यायच्या, जोरात सूर लावताना मान मागं न्यायच्या. म्हणजे जे काम मी बटणानं करत होतो ते त्या मानेनं आधीच करत होत्या. दोघांनी मिळून सगळं सपाट करून टाकलं होतं. मध्यंतरात त्या माझ्यापाशी आल्या. "बब्रू, मी माझं बघते. तू हातावर बस."

"म्हंजे?"

"तळहात मांडीखाली घे आन बस."

मी बसलो. मुलं मला बघून हसत होती. पण त्या दिवशी मी पहिल्यांदा गाणं ऐकलं. तोवर मी फक्त आवाज ऐकत होतो. मनीषा तेव्हा लहान होती, माझ्याबरोबर आली होती. घरी जाताना टेम्पोत तिनं विचारलं, "बाबा, बाईमाणसाला माईकवालं हुता येतं का?" मी काही बोलायच्या आत अक्का पुढच्या सीटवरून म्हणाल्या, "येतं. हात धुवून लागायचं." ती लागली. आता जिल्ह्यात लग्नाचं साऊंड म्हटलं की लोक तिला फोन करतात.

सोनारीच्या यात्रेतली एक आठवण सांगतोच. भैरवनाथाच्या दर्शनाला आलेली माणसं, समोर जमिनीवर बसलेली. तिथं इंग्रजी गाणं चालणार नाही म्हणून मी घाबरलो होतो. अक्कांनी शब्दच काढून टाकले. बाळूची संबळ, मास्तरांचं क्लॅरिनेट आणि अक्कांचा नुसता आवाज. दा, दू, रा, असं काहीबाही, पण त्यात हसणं होतं, भांडण होतं, कुणाची तरी वाट बघणं होतं. लोकांना सगळं समजलं, कारण न समजण्यासारखा त्यात एकही शब्द नव्हता. संपल्यावर एक म्हातारी पुढं आली, अक्कांच्या पायाला हात लावला आणि विचारलं, "बाई, तुमच्या अंगात कोन येतं?"

अक्कांनी तिला उठवलं. "आजी, मीच येते."

म्हातारीनं थोडा विचार केला. "ते बी बरं हाय," म्हणाली आणि प्रसाद देऊन गेली.

इतकं सगळं त्यांच्याबरोबर बघितलं, पण ती एक गोष्ट सांगायला जीभ उचलली नाही. आधी अण्णा होते म्हणून. मग अण्णा गेले, त्यांच्या मागं त्यांचं नाव कशाला काढा म्हणून. मग इतकी वर्षं झाली, आता कशाला म्हणून. दर वर्षी मला नवं कारण सापडत होतं. त्या बाबतीत मीही रोज वेगळी आमटी करत होतो.

गेल्या वर्षी अक्का ऐंशीच्या झाल्या. गावातल्या बँडवाल्यांनी ठरवलं, आडत बाजारात त्यांचा कार्यक्रम करायचा. मनीषा त्यांना विचारायला गेली. जनरेटर आणू म्हणाली. दोन आणू म्हणाली. अक्का म्हणाल्या, "जनरेटरला बी ह्याच गावची हवा लागती, पोरी. नक्को." मनीषा दुकानात येऊन बसली. "बाबा, गळा अजून चांगला हाय त्यांचा. पन किती दिवस? बाहेरच्या गावांनी ऐकलं आन आपल्या गावानं ऐकलं न्हाय, हे बरं दिसतं का? तुमी सांगा की. तुमचं ऐकतील."

अक्कांचा माझ्यावरचा तो भरवसाच मला सगळ्यांत मोठी शिक्षा वाटला. मी दुपारीच निघालो, कारण संध्याकाळपर्यंत मी नवं कारण शोधलं असतं.

अक्का अंगणात खुर्ची टाकून शेंगा सोलत बसल्या होत्या. मी समोर बसलो आणि एका दमात सांगितलं. फ्यूज, बॅटरी, नागनाथला मारलेली थाप. अण्णांचंही सांगितलं. त्यांचे हात थांबले.

"अण्णा असं म्हनला?"

"तुमचा अपमान हू नये म्हनून म्हनले."

त्यांनी हातातली शेंग परत सुपात टाकली. डोळे भरून आले होते, पदरानं पुसले. मग म्हणाल्या, "त्याचं मी बघते. तो माझा भाऊ हाय, आमी वर बोलू. तू तुझं बोल. नागनाथला माहीत हाय?"

"न्हाय."

"एका पावसाळ्यात माझ्या दारातली तार तुटली. भर पावसात आला तो. मी त्याला पाणी सुद्धा इचारलं न्हाय, बब्रू. वट्ट्यावर चढू दिलं न्हाय. तार जोडून भिजत गेला तो." त्यांचा आवाज चढला. ऐंशीच्या बाईचा चढलेला आवाज मी माईकशिवाय ऐकत होतो आणि तो थेट आत जात होता. "इतकी वर्षं मी एका भल्या माणसाला अंधारे म्हनले. तुझ्यामुळं."

 मला वाटलं, आता म्हणतील, ऊठ आणि जा. त्यांनी शेंगांचं सूप माझ्या पुढं सरकवलं.

"सोल. आन ऐक. मी गाते तुमच्या बाजारात. पन माझ्या आधी तू बोलायचं, माईकवर. नागनाथला पहिल्या रांगेत बसव. आन अण्णानं सांगितलं म्हनून केलं, असं म्हनायचं न्हाय. फ्यूज तुझ्या हातानं निघाला."

आयुष्यभर मी माईक लावला, पण त्यात बोललो ते "हॅलो, टेस्टिंग" एवढंच. पुढचे आठ दिवस मला जेवण गेलं नाही. मनीषाला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "साऊंड मी लावते. तुमी फकस्त या." नागनाथरावांना बोलवायला मी स्वतः गेलो. ते रिटायर होऊन नातवंडांत रमले होते. कशाला बोलावतोय ते सांगितलं नाही, तेवढंही धाडस झालं नाही. "मी कशाला येऊ? त्या बाई मला बघून उठून जातील," ते म्हणाले. मी म्हणालो, "त्यांनीच बोलावलंय."

बाजार भरला होता. ज्यांना अक्कांनी लहानपणी सुया टोचल्या होत्या ते आता पोट सुटलेले आडते होते. हुसेन मास्तर म्हातारे झालेत, पण क्लॅरिनेट घेऊन ताठ बसले होते. बाळूनं संबळ आवळून ठेवली होती. अक्का मधल्या खुर्चीवर बसल्या होत्या, पायात कॅनव्हासचे बूट. त्यांनी मला हातानं बोलावलं.

मी माईकपुढं उभा राहिलो.  समोर पहिल्या रांगेत नागनाथराव, शेजारी त्यांचा मुलगा, सून. मी म्हणालो, "ह्याच बाजारात, त्या वर्षीच्या गणपतीत, नीलाक्का गात असताना लाईट गेली नव्हती. मी फ्यूज काढून खिशात घातला होता. नागनाथरावांची कायबी चूक नव्हती. मी त्यांना खोटं बोललो, आन त्यांनी माझ्या शब्दावर भरवसा ठेवला."

 नागनाथरावांनी कानामागं हात धरला.

"ऐकू येईना. पुन्ना सांगा."

साऊंड उत्तम होता. पार बसस्टँडपर्यंत स्वच्छ जात होता, ते मला माहीत होतं आणि त्यांनाही माहीत होतं. मी पुन्हा सांगितलं. या वेळी मोठ्यानं, सावकाश, आणि माफी मागून.

नागनाथराव उठले. माझ्याकडं पाठ केली आणि सगळ्या बाजाराकडं तोंड करून उभे राहिले.

"ऐकलं का समद्यांनी?"

"ऐकलं," मागून कोणीतरी म्हणालं. मग आणखी कोणी. मग पुष्कळ जण.

ते पुन्हा माझ्याकडं वळले. डोळे ओले होते आणि चेहरा हसरा होता.

"मंग आता उतरा खाली, बब्रुवान. बाईंना गाऊ द्या."